अ‍ॅपला कसं कळतं, द्राक्षावर डाऊनी येणार?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात ऑक्टोबरची फळछाटणी झाली की बागायतदाराचा मोबाईल हातातून सुटत नाही. हवामानाचा अंदाज, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि आता तिसरी गोष्ट: बागेत खांबावर बसवलेल्या छोट्या हवामान केंद्राचं अ‍ॅप. ‘डाऊनीचा धोका जास्त’ असा इशारा ते देतं. पण बागेत तर एकही डाग दिसत नसतो! मग अ‍ॅपला कळतं कसं?

आधी रोग बघू. डाऊनी म्हणजे केवडा. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण जीवशास्त्राच्या हिशेबाने तो खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळांच्या काही गटांना जवळचा. दमट रात्री पानाच्या मागच्या बाजूला त्याचा पांढरा थर येतो. त्यातले बीजाणू वाऱ्याने दुसऱ्या पानावर पडतात. तिथे पाणी असेल तर प्रत्येकातून दोन शेपट्यांचे सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. तिथूनच आत शिरतात. वाटेत पाणी सुकलं तर खेळ खलास.

म्हणजे पाऊस किती मिलिमीटर पडला, यापेक्षा पान किती वेळ ओलं राहिलं हे मोठं. नुसतं दवही पुरतं.

हेच मोजायला केंद्रावर पानासारखी एक पट्टी असते. तिच्यावर पाणी बसलं की विजेचा सिग्नल बदलतो, आणि किती तास ओल टिकली याची नोंद होते. पुढचं गणित पाचवीतलं पोरगंही करेल. युरोपातल्या एका जुन्या ठोकताळ्यात ओलाव्याचे तास गुणिले सरासरी तापमान, उत्तर ५० च्या वर गेलं की लागण शक्य. २० अंशाला अडीच तास म्हणजे ५०. आजची मॉडेल्स यात आर्द्रता, पाऊस, रात्रीचा अंधार असं बरंच काही मिळवतात, पण गाभा हाच.

इटलीचा आणखी एक नियम प्रसिद्ध आहे, ‘तीन दहा’: फूट १० सेंटिमीटर, पाऊस १० मिलिमीटर, तापमान १० अंश. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो, म्हणून तो नियम चालतो. आपल्याकडे वर्षात दोनदा छाटणी, वेलाला पान जवळपास कायम, आणि ऑक्टोबरात तासगावला १० अंश म्हणजे चेष्टाच! तापमानाची अट रोजच पूर्ण. त्यामुळे बाहेरचं मॉडेल जसंच्या तसं इथे लावलं तर ते उगाच ओरडत राहील. अ‍ॅप घेताना ‘हे गणित आपल्या भागातल्या बागांवर तपासलंय का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

एवढा खटाटोप कशाला? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाचा अवकाळी पाऊस आला आणि पाठोपाठ डाऊनीने सांगली, सोलापूर, नाशिकच्या बागा झोडपल्या. रोग थेट घडात शिरला की ते पीक वाचवणं अवघड. या भीतीने दिवस मोजून फवारणी होते, गरज असो वा नसो. औषधाचा खर्च वाढतो, तेच औषध पुन्हा पुन्हा मारल्याने रोग त्याला दाद देईनासा होतो, आणि निर्यातीच्या मालात रेसिड्यू सापडला तर कंटेनर अडकतो.

इशाऱ्याचा खरा फायदा वेळेचा आहे. लागण झाल्यावर पानावर तेलकट डाग दिसायला काही दिवस जातात. बोर्डो मिश्रणासारखं स्पर्शजन्य औषध पानाच्या वर बसून अडवतं, म्हणून ते ओल येण्याआधी हवं. आत शिरलेल्या रोगासाठी आंतरप्रवाही औषध लागतं, तेही लवकर. डाग दिसल्यावर धावपळ करणारा बागायतदार काही दिवस मागे असतो.

आणि अ‍ॅपला फक्त त्या खांबाजवळचं कळतं. खोलगट कोपरा, दाट कॅनॉपी, उशिरा ऊन येणारी बाजू, तिथलं पान तासभर जास्त ओलं असू शकतं. पट्टीवर फवारणीचे पांढरे डाग साचले तरी आकडे चुकतात. ओल्या फडक्याने ती पुसत जा, आणि सकाळी त्या कोपऱ्यातली चार पानं उलटून बघा.