निकालाचे वाचन : सिम्पसन खटला आणि त्याचे प्रेक्षक

3 ऑक्टोबर 1995 रोजी सकाळी 10 वाजता लॉस एंजेलिसच्या फौजदारी न्यायालयात ओ. जे. सिम्पसन यांच्यावरील खुनाच्या खटल्याचा निकाल वाचून दाखवण्यात आला. 12 जून 1994 च्या रात्री सिम्पसन यांची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राऊन आणि तिचा परिचित रॉनाल्ड गोल्डमन यांची ब्रेंटवूड या सधन वस्तीत सुऱ्याने हत्या झाली होती. सिम्पसन हे अमेरिकी फुटबॉलमधील नामवंत खेळाडू, पुढे चित्रपटांतून व जाहिरातींतून घरोघरी पोहोचलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. आठ महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या सुनावणीनंतर ज्यूरीने चार तासही विचारविनिमय केला नाही आणि दोन्ही खुनांच्या आरोपांतून त्यांना मुक्त केले. अमेरिकेत अंदाजे 15 कोटी लोकांनी हा क्षण दूरचित्रवाणीवर पाहिला.

निकालाच्या कायदेशीर बाजूवर विधिज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हाला येथे विचार करायचा आहे तो या 15 कोटी प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा. एकच संहिता, एकाच क्षणी, दोन वाचकवर्गांनी परस्परविरुद्ध अर्थांनी वाचल्याचे इतके ठळक उदाहरण साहित्याच्या इतिहासातही सहज सापडणार नाही. हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विधिविद्यार्थ्यांनी हर्षाने उड्या मारल्या, ते दृश्य गाजले. त्याच वेळी इतरत्र श्वेतवर्णीय प्रेक्षक सुन्न होऊन पडद्याकडे पाहत होते. वाहिन्यांनी आपले कॅमेरे प्रेक्षकांवरही रोखले होते. त्यामुळे निकालाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, निकालावरील प्रतिक्रियाच बातमी ठरली.

कॅमेरा न्यायालयात आला की सर्वांना सारखेच दिसेल आणि सारखे दिसले म्हणजे मत सारखे होईल, अशी एक भाबडी समजूत असते. या खटल्याने ती खोटी ठरवली. घटनास्थळी सापडलेले रक्त आणि त्यावरील डीएनए चाचण्या हा एका वर्गाच्या लेखी खटल्याचा गाभा होता. दुसऱ्या वर्गाच्या लेखी गाभा होता मार्क फर्मन या तपास अधिकाऱ्याचा आवाज. गेल्या दहा वर्षांत आपण कृष्णवर्णीयांसाठी तो अवमानकारक शब्द वापरला नसल्याचे त्याने शपथेवर सांगितले होते. पुढे त्याच्या मुलाखतीच्या ध्वनिफिती मिळाल्या आणि त्यांत तो शब्द पुनःपुन्हा ऐकू आला. जो खोटी शपथ घेतो, त्याने गोळा केलेल्या पुराव्यावर किती विसंबावे, हा प्रश्न काहींना केवळ वकिली डावपेच वाटला. काहींना तो रोजच्या जगण्यातला वाटला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. प्रेक्षकांसमोरची संहिता आणि ज्यूरीसमोरची संहिता एक नव्हती. 17 जून 1994 चा तो पांढऱ्या गाडीचा संथ पाठलाग साऱ्या देशाने पाहिला होता. सरकार पक्षाने तो ज्यूरीपुढे पुरावा म्हणून मांडलाच नाही. फर्मनच्या ध्वनिफितींतील अनेक उतारे जगाने ऐकले. न्यायाधीश लान्स इटो यांनी ज्यूरीला त्यांतील दोनच ऐकू दिले. ज्यूरीचे सभासद साडेआठ महिन्यांहून अधिक काळ हॉटेलात, जगापासून अलग ठेवलेले होते. तरीही ‘आम्ही सर्व काही पाहिले आहे’ या विश्वासाने प्रत्येक प्रेक्षक निकाल द्यायला बसला होता.

मग आनंद कशाचा झाला? कोणताही वाचक कोऱ्या मनाने वाचत नाही; त्याने आधी जे वाचलेले असते, ते नव्या ओळींत मिसळते. कृष्णवर्णीय अमेरिकेने त्याआधी पुष्कळ निकाल वाचले होते. 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली. सर्व श्वेतवर्णीय ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका नियतकालिकात खुनाची कबुली दिली. मार्च 1991 मध्ये लॉस एंजेलिसमध्येच पोलिसांनी रॉडनी किंग यांना केलेली मारहाण एका रहिवाशाने चित्रित केली होती. ते चित्रण जगाने पाहिले. तरीही 29 एप्रिल 1992 रोजी चारही पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले. त्यानंतरच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. त्याच महिन्यात, मार्च 1991 मध्ये, लटाशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची मुलगी दुकानात गोळी लागून मरण पावली होती. दुकानदार स्त्रीवर सदोष मनुष्यवधाचा दोष सिद्ध झाला; तुरुंगवास मात्र झाला नाही. 1995 चा जल्लोष या साऱ्या निकालांना दिलेले उत्तर होते. सिम्पसन हे त्या उत्तराचे निमित्त होते.

परंतु ‘काळे’ आणि ‘गोरे’ अशा दोन रकान्यांत सारे प्रतिसाद मांडले की तिसरे वाचन हरवते. 1989 साली पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपाला सिम्पसन यांनी न्यायालयात विरोध केला नव्हता. 1993 मध्ये निकोलने घाबरून पोलिसांना केलेल्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते. घरातल्या हिंसेची ही कथा वाचणाऱ्या स्त्रियांना निकालाने वेगळ्याच कारणाने अस्वस्थ केले. त्यांचा आवाज दोन मोठ्या आवाजांत दबून गेला.

मराठी वाचकाची अडचण भाषेपासूनच सुरू होते. आपली वृत्तपत्रे अशा निकालाला ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतात. अमेरिकी ज्यूरी आरोपीला निर्दोष ठरवत नाही. दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, एवढेच ती सांगते. ‘निर्दोष’ हा शब्द चारित्र्याचे प्रशस्तिपत्र देतो, न्यायालयाने ते दिलेले नसते. शिवाय तेथे ज्यूरीने दिलेली मुक्तता अंतिम असते. मुंबईत 1959 साली ज्यूरीने नानावटींना 8 विरुद्ध 1 मतांनी दोषमुक्त ठरवले, तेव्हा सत्र न्यायाधीशांना ते मत अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता आले आणि पुढे जन्मठेप झाली. लॉस एंजेलिसमध्ये तसा मार्गच नव्हता. मृतांच्या नातलगांनी दिवाणी दावा लावला. त्यात पुराव्याची कसोटी सौम्य होती आणि न्यायालयात कॅमेऱ्यांना बंदी होती. फेब्रुवारी 1997 मध्ये तेथील ज्यूरीने सिम्पसन यांना दोन्ही मृत्यूंस जबाबदार धरले. भरपाईची रक्कम 3 कोटी 35 लाख डॉलर झाली.

काळाने वाचने बदलली. 2015 च्या एका जनमत चाचणीत 83 टक्के श्वेतवर्णीयांनी आणि 57 टक्के कृष्णवर्णीयांनी सिम्पसन दोषी असावेत असे सांगितले. यावरून वीस वर्षांनी दोन्ही वर्ग एकमत झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘त्याने खून केला असावा’ आणि ‘पोलिसांनी तो सिद्ध केला नाही’ ही दोन विधाने एका मनात सुखाने नांदू शकतात. 1995 मध्ये ती एकमेकांची शत्रू भासली, कारण प्रेक्षकाला एकच बाजू निवडायला सांगितले गेले होते.

वाचकाच्या प्रतिसादाला महत्त्व देणारी समीक्षा आपण वर्गांतून शिकवतो, ते योग्यच आहे. अमुक वाचकाने याआधी काय वाचले होते, हा प्रश्न त्या समीक्षेने आपल्याला विचारायला शिकवला. पण या खटल्यापाशी तिची मर्यादाही दिसते. निकालाचे अर्थ कितीही निघोत, त्या रात्री ब्रेंटवूडच्या दारात काय घडले याचे उत्तर एकच आहे. पंचवीस वर्षांचा गोल्डमन उपाहारगृहात विसरलेला चष्मा परत द्यायला तेथे गेला होता. निकोल पस्तीस वर्षांची होती. सिम्पसन 10 एप्रिल 2024 रोजी वारले. या दोन हत्यांसाठी फौजदारी न्यायालयात आजवर कोणावरही दोष सिद्ध झालेला नाही.