चित्रात न मावलेले चौल

कासूहून आगगाडीने रोह्यास उतरले की कुंडलिका नदी भेटते. पश्चिमेकडे वाहत ती रेवदंड्यापाशी सागरास मिळते. त्या मुखावरच एके काळी पोर्तुगीजांचे चौल हे गजबजलेले बंदर होते.

१६३५ साली गोव्यातील इतिहासलेखक अंतोनियो बोकारो याने पोर्तुगीज ठाण्यांविषयीचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी व्हाइसरॉयचा चिटणीस पेद्रो बार्रेतो दे रेझेंदे याने नगरांची चित्रे पुरविली. त्यांत चौलही आहे: तटबंदी, खाडी आणि पैलतीरावरचा कोर्लईचा डोंगर.

परंतु हे चित्र राजाच्या नजरेसाठी होते. नगराचे बळ किती, हेच त्यास पाहावयाचे होते. नावेवरचा खलाशी, धक्क्यावरचा हमाल, मिस्साला निघालेली माता यांना त्यात स्थान नव्हते.

१७४० च्या तहाने चौल मराठ्यांच्या स्वाधीन झाले. सत्ताधीश निघून गेले, मठ ओस पडले. सातखणी मनोरा आज भग्नावस्थेत उभा आहे. कोर्लईच्या पायथ्याची ख्रिस्ती कुटुंबे मात्र तेथेच राहिली. कार्मेल मातेच्या चर्चमध्ये ती आजही प्रार्थनेस जमतात. घरी ती जी बोली बोलतात, तिला ती ‘नौ लिंग’, अर्थात ‘आमची भाषा’, म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मात्र मराठी. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी.

तोफांनी राखलेले नगर गेले. चुलीपाशी राखलेली बोली टिकली. आता ती बोलणारे जेमतेम हजारभर उरले आहेत. कोणाही चित्रकाराने न टिपलेला हा वारसा आहे. आपापल्या घरातील आजीचे शब्द आपण तरी वेळीच लिहून ठेवावेत.