सूर्याच्या वेशीवरचा इतिहास

ऑक्टोबर २००८मध्ये नासाचा आयबेक्स उपग्रह पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत गेला आणि दर सहा महिन्यांनी आकाशाचा एक नकाशा काढू लागला. नकाशा प्रकाशाचा नव्हे, अणूंचा. सूर्याचा विद्युतभारित वारा शंभरेक खगोलीय एककांवर मंदावतो; हीच सूर्याची वेस. तिथे एखादा वेगवान प्रोटॉन बाहेरून झिरपलेल्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन हिसकावतो, उदासीन होतो आणि चुंबकीय क्षेत्राला न जुमानता सरळ निघतो. २००९च्या पहिल्या नकाशांत कोणत्याही प्रतिमानाला न सुचलेला तेजस्वी पट्टा दिसला आणि चर्चा त्याच्याभोवतीच फिरली. खरा ऐवज मात्र नंतरच्या नकाशांत आहे, कारण ते एकसारखे नाहीत. त्यांतून सूर्याच्या वेशीचा इतिहास वाचता येतो. अट एवढीच, की एका नकाशावरच्या सगळ्या नोंदी एकाच काळातल्या मानायच्या नाहीत. सुमारे ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा अणू शंभर एकके सहा-सात महिन्यांत कापतो. १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या अणूला वर्षाहून अधिक लागते.

यावर पहिली शंका अशी, की बदल वेशीवर झाला कशावरून? उपकरण थकले असेल किंवा सूर्याजवळ सौर वाऱ्याने आणि अतिनील किरणांनी वाटेतच अणू पुन्हा भारित केले असतील. ही दुसरी घट खरीच आहे आणि हिशेबात धरावीच लागते. पण २०१४च्या उत्तरार्धात सौर वाऱ्याचा दाब सुमारे दीडपट झाला आणि २०१६च्या अखेरीस आकाश उजळले, तेही सगळीकडे एकदम नव्हे. आधी उजळला तो सूर्य ज्या दिशेने चालला आहे त्या समोरच्या टोकाच्या थोडा दक्षिणेकडचा भाग, जिथे वेस सूर्याला सर्वांत जवळ असावी. दोष उपकरणाचा असता तर त्याने अशी जागा निवडली नसती. पट्टा तर आणखी मागे राहिला, आणि त्याचे अणू वेशीपलीकडे जाऊन, पुन्हा भारित होऊन मग परततात या कल्पनेला ते धरूनच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. कॅसिनी यानाच्या अधिक ऊर्जेच्या नोंदींत समोरची आणि मागची बाजू जवळपास एकाच वेळी मंदावते व सावरते. त्यावरून काहींनी हेलिओस्फिअरला, म्हणजे सौर वाऱ्याने व्यापलेल्या प्रदेशाला, शेपटी नाहीच, तो बुडबुडा आहे, असे मांडले. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मागच्या बाजूला वाऱ्याबरोबर वाहत जाणारे वेगवान प्रोटॉन हिसकाहिसकीत लवकरच संपतात, त्यामुळे त्यांची चमक शेपटीच्या फक्त जवळच्या भागातून येते. शेपटी कितीही लांब असली तरी तिचे पुढचे अंतर या अणूंना सांगता येणार नाही.