पिंपरी आणि एमबीबीएसचे पहिले वर्ष

पिंपरीत औषधे आधी तयार होऊ लागली, डॉक्टर पुष्कळ नंतर. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले. संत तुकारामनगरातले डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय मात्र १९९६ चे. तोवर इथल्या मुलांना एमबीबीएससाठी पुण्यातले किंवा त्याहून दूरचे महाविद्यालय गाठावे लागे.

महाविद्यालय पिंपरीतले असो वा पुण्यातले, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विषय तेच: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. हे ‘वर्ष’ पूर्वी दीड वर्षाचे असे. वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७ च्या नियमावलीने ते बारा महिन्यांवर आणले. हाडे, स्नायू आणि नसा अर्थातच होत्या तितक्याच राहिल्या. आजही पहिल्या वर्षाची जी दमछाक सांगितली जाते, तिचे मोठे कारण हेच आहे.

या वर्षाचे केंद्र म्हणजे डिसेक्शन हॉल. फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात, पहिले काही दिवस वास अॅप्रनमधून जात नाही. एका टेबलाभोवती एक गट. हात, पाय, छाती, पोट, डोके अशा क्रमाने विच्छेदन आणि प्रत्येक भागाअखेर तोंडी परीक्षा. सीनिअरकडून घेतलेला हाडांचा संच वसतिगृहाच्या खोलीत पलंगाखाली असतो. हे मृतदेह येतात कुठून, हा प्रश्न महत्त्वाचा. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची सोय केली. पुढे स्वेच्छेचे देहदान रुजले. ज्याचा देह टेबलावर असतो त्या अनाम माणसाप्रती कृतज्ञतेची शपथ आता अनेक महाविद्यालयांत विच्छेदनापूर्वी घेतली जाते, आणि ती घ्यायलाच हवी.

शरीरक्रियेच्या प्रयोगशाळेत काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर बेडकाच्या स्नायूचे आकुंचन रेखाटले जाई. तिथे आता संगणकावरचे आभासी प्रयोग आले आहेत.

रुग्ण मात्र या टप्प्यात जवळजवळ भेटतच नसे. वॉर्ड दुसऱ्या टप्प्यात सुरू होई. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने हे बदलले. आरंभी फाउंडेशन कोर्स आला, तेव्हा तो महिनाभराचा होता; मग पहिल्या वर्षातच रुग्णांशी ओळख आणि संवादाचे शिक्षण. २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक योजनाही आली: विद्यार्थी गावातली काही कुटुंबे वाटून घेतात, घरी जाऊन रक्तदाब, वजन, आजारांच्या नोंदी ठेवतात आणि पुढची वर्षे त्याच घरांकडे परत जातात.