तळटीप : नोरा रॉबर्ट्स

नोरा रॉबर्ट्स (जन्म १९५०) : मेरीलँडच्या अमेरिकी कादंबरीकार. फेब्रुवारी १९७९मधील हिमवादळात दोन लहान मुलांसह घरात अडकून पडल्या असताना त्यांनी वहीत लिहायला सुरुवात केली. ‘हार्लेक्विन’ या प्रकाशनसंस्थेने त्यांचे लेखन नाकारले, आमच्याकडे एक अमेरिकी लेखिका आधीच आहे, हे कारण मिळाल्याचे त्या सांगतात. ती लेखिका, जॅनेट डेली, हिनेच १९९७मध्ये रॉबर्ट्स यांच्या कादंबऱ्यांतून वाङ्मयचौर्य केल्याची जाहीर कबुली दिली! दरम्यान १९८१ साली ‘सिलूएट’ने त्यांची पहिली कादंबरी छापली होती. पुढे दोनशेहून अधिक कादंबऱ्या. १९९५पासूनच्या पोलीस-तपासकथा जे. डी. रॉब या नावाने. प्रस्तुत लेखात त्यांना लावलेले ‘बाजारू’ हे विशेषण मूळ लेखकाचे आहे. ते संपादकाला मान्य नाही.