चेहऱ्यावरच्या सुरकुत्या: उपचार घ्यावा का आणि कोणाकडून?

‘डॉक्टर, मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आले आहे, चेहऱ्यासाठी काहीतरी द्या ना.’ लग्नसराई आली की दवाखान्यात ही विनंती हमखास ऐकू येते. अनेकदा पर्समधून क्रीमची एक ट्यूबही निघते, कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली. सुरकुत्या हा आजार नाही. उपचार घ्यायचा की नाही, हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. मात्र घाईत किंवा चुकीच्या हातून घेतलेला उपचार नवे दुखणे मागे लावू शकतो.

सुरकुत्या का पडतात?

वयानुसार त्वचेतील कोलॅजन आणि इलास्टिन हे तंतू कमी होतात, त्वचा पातळ व कोरडी होते. धूम्रपानाने हे लवकर घडते. पण बाहेरून होणारे सर्वांत मोठे नुकसान उन्हाचे असते. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. २८ वर्षे खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. अतिनील-ए किरण काचेतूनही येतात, ते असे.

नागपुरात मे महिन्यात आपण गाडीवर निघताना चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळतो, तो गरम झळांमुळे. डिसेंबरमध्ये तोच दुपट्टा कपाटात जातो. सुरकुत्या पाडणारे किरण मात्र हिवाळ्यातही असतात आणि ढगांतूनही येतात.

आरशासमोर तपासा

कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. रेषा नाहीशा झाल्या तर त्या स्नायूंच्या हालचालीमुळे पडतात. तशाच राहिल्या तर त्या त्वचेत मुरल्या आहेत. दोन्हींचे उपचार वेगळे असतात.

उपचार कोणते?

- सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा अधिक, अतिनील-ए किरणांपासूनही संरक्षण देणारे. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब रेघ येईल इतके घ्या. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.
- ट्रेटिनॉइन क्रीम: डॉक्टरांच्या चिठ्ठीने, रात्री, अगदी थोडे. सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलवटते. फरक दिसायला काही महिने लागतात. गरोदरपणात वापरू नका.
- बोटॉक्स: हालचालीच्या रेषांसाठी. इंजेक्शनने स्नायू सैल होतो. पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांत दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रिया आणि मायस्थेनियासारखे स्नायूंचे आजार असलेल्यांनी टाळावे.
- फिलर: खोल गेलेल्या रेषा किंवा बसलेला भाग भरण्यासाठी.
- लेझर, केमिकल पील: गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळे डाग राहण्याचा धोका असतो. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञच हवा.

दोन धोके विसरू नका

पहिला, स्टिरॉइड असलेली क्रीम. सुरुवातीला चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, पुरळ व लालसर शिरा दिसू लागतात. अशी क्रीम लावत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे या.

दुसरा, फिलर रक्तवाहिनीत जाणे. हे क्वचित घडते, पण त्यामुळे त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. इंजेक्शननंतर तीव्र वेदना झाल्या, त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर झाली, किंवा अंधुक दिसू लागले, तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याच तासाला रुग्णालय गाठा.

म्हणून पार्लरमध्ये, घरी किंवा ‘ऑफर’मध्ये इंजेक्शन घेऊ नका.

कोणाकडे जावे?

मी एमबीबीएस आहे. ही इंजेक्शने मी देत नाही. त्यासाठी त्वचारोगात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर किंवा प्लास्टिक सर्जन हवेत. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स येथे त्वचारोग विभाग आहेत. पहिला सल्ला तिथेही घेता येतो. डॉक्टरांना हे विचारा:

- तुमची पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?
- कोणते औषध, किती प्रमाणात? सीलबंद कुपी माझ्यासमोर उघडाल का?
- गुंतागुंत झाली तर इथे कोणती सोय आहे?
- परिणाम किती टिकेल आणि पुन्हा किती खर्च येईल? (सौंदर्योपचारांचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही.)

तुमची सगळी औषधे सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.

हे मात्र तातडीचे

कपाळाच्या एकाच बाजूच्या आठ्या अचानक नाहीशा झाल्या, तोंड वाकडे झाले किंवा पापणी मिटेना, तर तो सौंदर्याचा प्रश्न नाही. चेहऱ्याचा लकवा किंवा पक्षाघात असू शकतो. ताबडतोब रुग्णालयात जा.

लग्नासाठी उपचार हवाच असेल तर निदान तीन महिने आधी तज्ज्ञांना भेटा. पंधराच दिवस उरले असतील, तर चेहऱ्यावर नवे काहीही करू नका. सनस्क्रीन, साधे मॉइश्चरायझर आणि पुरेशी झोप एवढेच पुरे.