चाई, उंदरी आणि कोड

जानेवारी २०२५ मधली बातमी आठवते ना? बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत माणसांचे केस भराभर गळू लागले. कारण कळायच्या आत बारसे झाले, ‘टक्कल व्हायरस’! या गावांतल्या मुलामुलींची लग्ने अडल्याचेही वाचनात आले. पुढे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी (विंचूदंशावर काम करणारे, तेच) लोकांचे रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला. रेशनच्या गव्हातून सेलेनियम पोटात गेले, असा त्यांचा निष्कर्ष. सेलेनियम काही कंगव्याने पसरत नाही. पण नाव चिकटायचे ते चिकटलेच.

मी मराठीचा मास्तर, वैद्य नव्हे. तरी शब्द दिसला की उकरून पाहायची खोड जात नाही. आमच्या लासुर्ण्यात डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा पडली की ‘चाई लागली’ म्हणत. कोणी ‘उंदरी’ म्हणे, जणू रात्री उंदरानेच केस कुरतडले! संस्कृतात तेच ‘इंद्रलुप्त’. डॉक्टरांचा ‘अ‍ॅलोपेशिया’ हा शब्द ग्रीक, कोल्ह्यावरून आलेला. लूत लागलेल्या कोल्ह्याचे केस झडतात म्हणून. उंदीर, इंद्र, कोल्हा... आळ कोणावर तरी घ्यायचाच. खरे तर चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ती दुसऱ्याला लागत नाही.

हे हसण्यावारी गेले. ‘कोड’ या शब्दाचे तसे नाही. तो आला ‘कुष्ठ’वरून. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार आहेत, ७ महाकुष्ठे आणि ११ क्षुद्रकुष्ठे. त्यात आपला साधा नायटासुद्धा येतो. म्हणजे कुष्ठ हे पुष्कळशा त्वचारोगांचे आडनाव होते म्हणा ना. पुढे ते महारोगापुरते आकसले आणि कोड मात्र पांढऱ्या डागांकडे राहिले. महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्ये दाखवला, आज त्यावर औषधाने पूर्ण बरे होता येते. कोडात जंतूच नसतो, कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशी तेवढ्या नाहीशा होतात. पण एकाच शब्दाची दोन लेकरे, लोकांनी त्यांना वेगळे मानलेच नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातावर कोड होते. मुलगी हुशार, डी.एड. झालेली. स्थळ आले, बोलणी झाली. मग मुलाचे मामा माझ्याकडे चौकशीला आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, ते महारोगातलंच असतं ना?" मी तासभर समजावले, कोश काढून दाखवला. मामांनी चहा घेतला, पटले म्हणाले.

पुन्हा त्या घरी त्यांचा निरोप आला नाही.